बाळंतपणात सोबत हवी

(1982 च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, "तुझ्या नोकरीतलं काहीतरी बोल, सगळ्यांच्या उपयोगी पडेल असं." माझी नोकरी म्हणजे लेबर रूम. आधी ग्रामीण रुग्णालयांत आणि मग जिल्ह्याच्या ठिकाणी, अशी पस्तीस वर्षं मी परिचारिका म्हणून काम केलं. त्यातली बहुतेक वर्षं बाळंतपणं करण्यात गेली. आता स्टेजवरून बाळंतपणावर बोलायचं म्हणजे आपल्या वेळी नवलच. शास्त्राच्या पुस्तकातला तो एक धडा "घरी वाचून या" म्हणून वर्गात सोडून दिला होता, हे इथल्या सगळ्या मुलींना आठवत असेल. बाई, रागावू नका, तेव्हा सगळ्याच शाळांत तसंच होतं.

पण आज हा विषय आपल्याच वयाचा आहे. आपण सगळे साठीला टेकलो. आपली बाळंतपणं कधीच उरकली, आता लेकीसुनांची चालू आहेत. गेल्या वर्षभरात आपल्या ग्रुपवर किती पेढे आले ते आठवा. "नात झाली", "नातू झाला", आणि खाली एक ओळ, "सिझर करावं लागलं." हे "करावं लागलं" किती वेळा खरं असतं, आणि दाराबाहेर बसलेल्या आजी-आजोबांचा, म्हणजे आपला, त्यात वाटा किती असतो, यावर मला आज बोलायचं आहे.

आधी आकडे. गणिताचे सर समोर बसलेत, त्यामुळे लिहून आणलेत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 2005-06 साली आपल्या देशात शंभर बाळंतपणांमागे साडेआठ सिझर होत होते. 2015-16 मध्ये 17.2 झाले. 2019-21 च्या सर्वेक्षणात 21.5. महाराष्ट्राचा आकडा 25.4, म्हणजे चारात एक. तेलंगणात तर 60.7. याच सर्वेक्षणात सरकारी दवाखान्यांतलं प्रमाण 14.3 टक्के आहे आणि खाजगीतलं 47.4 टक्के. बायका त्याच, बाळं तीच, इमारत बदलली की सिझरचं प्रमाण तिपटीहून जास्त. अवघड झालेल्या कितीतरी केसेस तर खाजगीतून सरकारी मोठ्या रुग्णालयात पाठवल्या जातात, तरी हा फरक आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 मध्ये स्पष्ट सांगितलं की एखाद्या लोकसंख्येत सिझरचं प्रमाण दहा टक्क्यांपर्यंत वाढतं तेव्हा आया आणि बाळं वाचतात. त्यापुढे ते कितीही वाढलं तरी मृत्यू कमी होताना दिसत नाहीत. त्याच निवेदनात दुसरंही एक वाक्य आहे, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्याचा आशय असा की ठरावीक आकडा गाठायच्या मागे लागू नका, ज्या बाईला सिझरची गरज आहे तिला ते मिळेल एवढं बघा.

कारण सिझर हा शत्रू नाही. मी नोकरीला लागले तेव्हा वेळेवर सिझर न झाल्यानं गेलेल्या बायका पाहिल्या आहेत. वार पिशवीच्या तोंडावर आलेली, बाळ आडवं असलेलं, नाळ आधी बाहेर आलेली, दोन-दोन दिवस अडलेली बाई बैलगाडीतून नाहीतर वडापच्या जीपमधून यायची. भूल देणारे डॉक्टर नसायचे, रक्त नसायचं. 2001-03 च्या सुमाराला महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे 149 आया दगावत होत्या. 2018-20 मध्ये तो आकडा 33 वर आला. त्यात 108 च्या गाडीचा, रक्तपेढ्यांचा, आशाताईंचा आणि वेळेवर होणाऱ्या सिझरचाही वाटा आहे. तेव्हा "आमच्या आजीची दहा बाळंतपणं घरीच झाली" असं कुणी मला सांगू नका. त्या दहातली किती जगली, हेही आजीला विचारायला हवं होतं. आनंदीबाई जोशींचा धडा आपल्याला बाईंनी शिकवला होता. त्यांचं बाळ दहा दिवसांत गेलं, त्या डॉक्टर व्हायला अमेरिकेला गेल्या, आणि 1886 साली पदवीसाठी त्यांनी प्रबंध लिहिला तो प्रसूतिशास्त्रावरच.

मग बिनगरजेचं सिझर झालं तर बिघडलं काय? हल्ली सुरक्षित असतं की! असतं, पण ते पोटाचं मोठं ऑपरेशनच आहे. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पायात रक्ताची गुठळी, हे धोके नॉर्मलपेक्षा जास्त. ज्या आठवड्यात बाळाला पाजायला उठून बसायचं, त्या आठवड्यात बाईला कुशीवर वळता येत नाही. आणि खरी किंमत कळते ती पुढच्या खेपेला. पिशवीवर जुना व्रण असला की पुढची वार कधीकधी नेमकी त्या व्रणावर येऊन रुतते. तशी वार सुटत नाही, रक्त थांबत नाही, कधी पिशवीच काढावी लागते. प्रत्येक सिझरमागे हा धोका वाढत जातो. म्हणून पहिल्या बाळंतपणातलं बिनगरजेचं सिझर टाळणं सगळ्यात मोलाचं.

आता लेबर रूममध्ये चला. बाहेरून ऐकू येतात त्या किंकाळ्या तुम्हाला माहीत आहेत. आत काय चालतं ते सांगते.

तुमच्यातल्या ज्यांच्या घरी गोठा होता त्यांना हे लगेच कळेल. गाय व्यायला झाली की घरातली म्हातारी माणसं पोरांना हाकलून लावायची, कंदील लांब ठेवायची आणि ओळखीचं एकच माणूस जवळ थांबायचं. गलका झाला, कुत्रं आलं, तर गाय उठून उभी राहायची आणि कळा थांबायच्या. बाईचंही शरीर तसंच आहे. कळा आणणारं ऑक्सिटोसिन हे संप्रेरक निवांतपणात, ओळखीच्या माणसात वाहतं. भीती वाटली की अ‍ॅड्रिनॅलिन वाढतं, अंग आखडतं, कळा विस्कळीत होतात आणि दुखणं मात्र जास्त जाणवतं. ग्रँटली डिक-रीड नावाच्या इंग्लिश डॉक्टरांनी जवळजवळ ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी हे लिहून ठेवलं. भीतीनं ताण येतो, ताणानं दुखणं वाढतं, दुखण्यानं पुन्हा भीती वाढते.

आणि आपण काय करतो? वीस-बावीस वर्षांच्या पोरीला अनोळखी खोलीत नेतो, आई दाराबाहेर, नवरा जिन्याखाली. आत चार टेबलं, शेजारची किंचाळतेय, डोक्यावर झगझगीत दिवा, हाताला सलाईन. उताणं निजायला सांगतात, उठू नको म्हणतात, पाणी पिऊ नको म्हणतात. सिस्टर एक आणि बाया पाच, त्यामुळे जी अगदी शेवटाला आली तिच्याकडेच सिस्टर धावते. बाकीच्यांनी एकटीनं सोसायचं. अशी पोर दोन तासांत म्हणते, "काहीही करा, माझं सिझर करा." तिचं काय चुकलं?

यावर उपाय महागडा नाही. तिच्याजवळ एक माणूस बसवा.

हे मी मनानं सांगत नाही, यावर फार चांगलं संशोधन झालेलं आहे. मार्शल क्लाउस आणि जॉन केनेल या अमेरिकेतल्या दोन बालरोगतज्ज्ञांच्या गटानं ग्वाटेमालामधल्या एका गर्दीच्या सरकारी रुग्णालयात पहिलटकरणींजवळ एक-एक बाई बसवून पाहिली. ती डॉक्टर नव्हती, नर्सही नव्हती. तिनं फक्त हात धरायचा, पाठ चोळायची, धीर द्यायचा. 1980 साली त्यांनी ते निष्कर्ष छापले. पुढे अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरातही असाच प्रयोग झाला, त्याचे आकडे 1991 मध्ये आले. जिच्याजवळ सोबतीण होती त्या गटात सिझर आठ टक्के. जिच्याजवळ कुणीच नव्हतं त्या गटात अठरा टक्के. तिसराही एक गट होता. त्यांच्या खोलीत एक निरीक्षक बाई नुसती बसून नोंदी करत होती, बोलत नव्हती, हात लावत नव्हती. त्या गटात तेरा टक्के. म्हणजे खोलीत एक माणूस गप्प बसून असलं तरी फरक दिसला!

त्यानंतर जगभर असे अभ्यास झाले. सतरा देशांतले 26 अभ्यास, पंधरा हजारांवर बायका, यांचा एकत्र आढावा 2017 मध्ये निघाला. सतत सोबत असलेल्या बायकांमध्ये सिझर सुमारे पाव हिश्शानं कमी, कळांचा काळ सरासरी चाळीस मिनिटांनी कमी, आणि बाळंतपणाची कडू आठवणही कमी. तोटा काहीच आढळला नाही. असं एखादं इंजेक्शन निघालं असतं तर कंपन्यांनी त्याची जाहिरात करून आपले कान किटवले असते.

आपल्या सरकारनंही हे मानलं. 2016 साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं सूचना काढली की सरकारी रुग्णालयात बाळंतिणीजवळ घरची एक बाई थांबू द्यावी, शक्यतो जिनं स्वतः बाळंतपण अनुभवलंय अशी. जिथे पडदे आहेत, आडोसा आहे, तिथे नवऱ्यालाही थांबता येतं. 2017 मध्ये "लक्ष्य" नावाचा कार्यक्रम आला, त्यातही लेबर रूममध्ये सोबतीण हवी असं ठरलं. 2018 पासून खास सुईणीचं दीड वर्षाचं शिक्षण दिलेल्या परिचारिका तयार करण्याचं धोरण आलं. सिझर सर्वांत जास्त असलेल्या तेलंगणानं त्यात आधी पाऊल टाकलं होतं.

आमच्याकडे सूचना आली तेव्हा आम्हा सिस्टरांमध्येच कुरकुर होती. "आत नातेवाईक आले तर गोंधळ होईल, भांडणं होतील." मग एका रात्री एक ऊसतोडीवरची पोर आली. पहिलटकरीण, एकोणीस वर्षांची. पिशवीचं तोंड चार सेंटिमीटर उघडलेलं आणि आरडाओरडा एवढा की शेजारच्या दोघी रडायला लागल्या. बरोबर सासू होती, व्हरांड्यात पोतं अंथरून बसलेली. तिला आत घेतलं. ती हातपाय धुऊन आली, पोरीला कुशीवर वळवलं आणि कमरेवर तळहात दाबून धरला. मग पालावरच्या शेळ्यांविषयी बोलायला लागली. कुठली गाभण आहे, कुठली लाथ मारते, कुठलीला विकायचं. कळ आली की थांबायची, "सोड श्वास, सोड" म्हणायची, कळ गेली की पुन्हा शेळ्या. पहाटे पाचला बाळ झालं, नॉर्मल. त्या बाईला कुणी प्रशिक्षण दिलं नव्हतं. त्यानंतर आमच्या वॉर्डातली कुरकुर थांबली. सिस्टरांचंच काम हलकं झालं होतं.

आता वेळेविषयी, कारण बरीच सिझर "वेळ फार झाला" या कारणानं होतात.

न्यूयॉर्कच्या डॉ. फ्रीडमन यांनी 1950 च्या दशकात कळांचा एक आलेख काढला. त्यावरून दर तासाला एक सेंटिमीटर तोंड उघडलं पाहिजे असा नियम जगभर रूढ झाला. जी बाई त्यात बसली नाही ती "पुढे सरकत नाही". पुढच्या अभ्यासांत दिसलं की निरोगी बायकाही सुरुवातीला याहून सावकाश चालतात आणि त्यांचं बाळंतपण नीट होतं. 2018 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तासाला एक सेंटिमीटरची ती सक्ती काढून टाकली. खऱ्या जोरदार कळांचा टप्पा पाच सेंटिमीटरपासून धरायचा, आणि तिथून पुढे पहिलटकरणीला बारा तासांपर्यंत लागू शकतात, असं सांगितलं. त्याआधीचा टप्पा तर कितीही लांबू शकतो. अर्थात आई आणि बाळ दोघंही ठीक आहेत हे तपासत राहूनच.

म्हणून पहिली बारीक कळ आली की गाडी काढून दवाखान्यात पळू नका. दवाखाना जवळ असेल, महिने भरलेले असतील, आधी काही धोका सांगितलेला नसेल, तर दर पाच मिनिटांनी मिनिटभराची कळ, तीही तासभर येत राहीपर्यंत घरी थांबता येतं. फिरावं, जेवावं, अंघोळ करावी. लांबून येणाऱ्यांनी लवकर निघावं. पण अंगावरून रक्त गेलं, पाणी गेलं, बाळाचं हलणं कमी झालं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर मात्र एक मिनिटही थांबायचं नाही.

आता आपल्या वाट्याचं काम. मी चार गोष्टी सांगते.

पहिली, माणूस आधी ठरवा. कोण थांबणार हे लेकीला विचारा, तुम्ही ठरवू नका. तिला आई हवी असेल, मावशी, नणंद, सासू, नवरा, कुणीही. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत यासाठीच तर होती. मात्र जे माणूस स्वतःच घाबरून रडतं ते नको, मग ती आई असली तरी. आणि एकदा आत गेल्यावर फोन बंद. नातेवाइकांना क्षणाक्षणाची बातमी देणारी सोबतीण काही कामाची नाही.

दुसरी, आत जाऊन काय करायचं. तिला उताणं पडू देऊ नका. चालवा, उभं करा, कुशीवर वळवा, पुढे वाकून टेकू द्या. पहिल्या टप्प्यात उभं राहिलं-चाललं तर कळांचा काळ सरासरी तासाभरानं कमी होतो, हेही अभ्यासात दिसलंय. डॉक्टरांनी मना केलं नसेल तर घोट-घोट पाणी, सरबत, पेज द्या. कमरेवर दाब द्या, ओला रुमाल फिरवा, दोन तासांनी लघवीला न्या. आणि बोलणं जपून. "अजून किती वेळ?", "आमच्या वेळी आम्ही नाही ओरडलो", "शेजारची मागून आली आणि मोकळी झाली", ही तीन वाक्यं व्हरांड्यातच ठेवून यायची. ती ओरडली तर ओरडू द्या. तिला दुखणं कमी करणारं इंजेक्शन हवं असेल तर तो तिचा हक्क आहे, त्यात कमीपणा नाही.

तिसरी, दवाखाना निवडताना विचारा. सातव्या-आठव्या महिन्यातच विचारा, कळा सुरू झाल्यावर नाही. सोबतीला माणूस थांबू देता का? चालू-फिरू देता का? तुमच्याकडे पहिलटकरणींमध्ये साधारण किती जणींचं सिझर होतं? चांगले डॉक्टर या प्रश्नांना रागावत नाहीत. आधी एक सिझर झालेलं असेल तर हेही विचारा की या खेपेला नॉर्मलचा प्रयत्न करता येईल का. "एकदा सिझर म्हणजे कायम सिझर" हे वाक्य 1916 सालचं आहे. आज योग्य निवड केली तर असा प्रयत्न करणाऱ्या शंभरातल्या सत्तरेक जणींचं नॉर्मल होतं. मात्र तिथे रात्री-अपरात्री लगेच ऑपरेशनची सोय हवी, कारण जुना टाका उसवण्याचा धोका थोडा असला तरी खरा असतो.

चौथी गोष्ट सगळ्यात अवघड आहे, आणि ती आपल्यासाठीच आहे. व्हरांड्यात नीट वागायचं.

एका दवाखान्यातली रात्र सांगते. कुठला ते सांगत नाही, कारण असं कुठेही घडतं. पोरीचं सगळं ठीक चाललेलं, तोंड सहा सेंटिमीटर, बाळाचे ठोके उत्तम. बाहेर चौदा माणसं. दर पंधरा मिनिटांनी कुणीतरी दार वाजवायचं. "अजून कसं नाही? पोरीला काही झालं तर आम्ही सोडणार नाही." कुणीतरी नगरसेवकाला फोन लावला. दोन वाजता त्या तरुण डॉक्टरांनी सिझरचा निर्णय घेतला. सकाळी तीच माणसं म्हणत होती, "हल्ली डॉक्टर लगेच कापतात."

आपल्या वर्गातले दोन डॉक्टर इथे बसलेत, ते मान हलवतायत. सगळा दोष पैशाच्या लोभाला देऊन मोकळं होणं सोपं आहे. लोभ आहेच, नाही असं मी म्हणत नाही. पण लहान दवाखान्यात रात्रभर एकटा जागणारा डॉक्टर असतो, भूलतज्ज्ञ दुसऱ्या गावाहून येतो, प्रशिक्षित सुईण नसते, आणि बाहेर काचा फोडायच्या तयारीतली माणसं असतात. नॉर्मल उशिरा झालं आणि काही बिघडलं तर खटला होतो. सिझर केलं म्हणून कुणी खटला भरत नाही. अशा वेळी त्यानं वाट पाहावी असं वाटत असेल तर वाट पाहण्याचं धैर्य आपण त्याला द्यायला हवं. "डॉक्टर, दोघं ठीक असतील तर आम्हाला घाई नाही", हे एक वाक्य घरातल्या वडीलधाऱ्यानं शांतपणे सांगितलं तर आतलं वातावरण बदलतं. मी ते कितीदा पाहिलंय.

तसंच मुहूर्ताचं. पंचांग काढून सिझरची वेळ मागणारे सुशिक्षित आजोबा मी पाहिलेत. तारखेच्या आदल्या आठवड्यांत बाळाची फुप्फुसं अजून तयार होत असतात. मुहूर्तावर काढलेलं बाळ काचेच्या पेटीत ठेवावं लागलं तर तो मुहूर्त कसला? आणि दिलेली तारीख ही अंदाजाची असते. बरोबर त्या दिवशी शंभरातली जेमतेम चार-पाच बाळं जन्मतात. गळ्याभोवती नाळ दिसली म्हणूनही घाबरू नका. दर चार-पाच बाळांमागे एकाच्या गळ्याभोवती ती असते, आणि बहुतेक बाळं तशीच सुखरूप बाहेर येतात.

सिझर सांगितलंच तर तीन प्रश्न विचारा. आई आणि बाळ या घडीला ठीक आहेत ना? कारण काय? थोडं थांबलो तर काय होईल? डॉक्टर म्हणाले, "थांबायला वेळ नाही," तर चौथा प्रश्न विचारायचा नाही, सही करायची.

माझ्या स्वतःच्या मुलीचं सांगते. मी चौदा तास तिच्याजवळ होते. चालवलं, पाठ दाबली, माझ्या विद्येतलं जे होतं ते सगळं केलं. बाळाचं डोकं वाकडं अडकलं होतं, खाली सरकेना, आणि शेवटी ठोके उतरायला लागले. सिझर झालं, आणि झालं ते बरंच झालं, नात आज दीड वर्षांची आहे. नंतर शेजारची एक बाई म्हणाली, "नर्सच्या मुलीचंही सिझरच?" मुलगी म्हणाली, "हो. पण मी एकटी नव्हते." म्हणून सांगते, सोबत म्हणजे नॉर्मलची हमी नव्हे. आणि जिचं सिझर झालं तिनं काही कमी सोसलं असंही नाही. "आयतं बाळ मिळालं" असं कुणी कुणाला म्हणू नका. पोट कापून घेतलेली बाई ती. तिलाही तोच शेक, तेच अळिवाचे लाडू आणि तीच विश्रांती, जरा जास्तच.

बाई, सर, तुमच्यासमोर मी पहिल्यांदाच एवढं सलग बोलले. वर्गात मला कधी उत्तर द्यायला उभं केलंत तर माझा आवाज फुटायचा नाही. रात्रीच्या ड्यूटीनं तो फोडला.

माझं मागणं एवढंच आहे. या वर्षी ज्यांच्या घरी बाळंतपण आहे, त्यांनी आज घरी गेल्यावर लेकीला किंवा सुनेला एक प्रश्न विचारा, "तुझ्याजवळ कोण थांबलेलं तुला आवडेल?" आणि ती ज्याचं नाव घेईल त्याला आत पाठवा. दवाखान्यानं नाही म्हटलं तर नम्रपणे पुन्हा विचारा. सरकारी असेल तर 2016 ची सूचना सांगा. बाकीच्यांनी व्हरांड्यात गप्प बसा, चहा प्या आणि डॉक्टरला त्याचं काम करू द्या.

दवाखान्याला विचारायचे प्रश्न मी कागदावर लिहून आणलेत, बाहेर पुस्तकांच्या टेबलावर ठेवलेत. एकेक घेऊन जा. माझा नंबर ग्रुपवर आहेच. रात्री दोनला फोन आला तरी चालेल, त्या वेळी जागं राहायची सवय मला अजून आहे.